टेकडीवरचा नमुना

पुणे
१४ जानेवारी २०२४

ती. मोठेबाबा यांना गुंजनचा जय सेवा.

पत्राला उशीर झाला, म्हणून मोठीआईजवळ माझी भरपूर निंदा करून झाली असेल. परीक्षा चालू होती. फोन केला असता, तर तुम्ही ‘कोण, कोण’ करत राहिला असता आणि माझी खुशाली शेजारच्या चार घरांना कळली असती, तुम्हाला सोडून. खदानीतल्या सुरुंगांनी तुमचे कान नेले, पण माझं अक्षर त्यामुळेच सुधारलं, असं आश्रमशाळेतले गुरुजी म्हणायचे.

आता कामाचं. पुढच्या महिन्याच्या शेवटी आमच्या भूशास्त्र विभागात मेळावा आहे. एम.एस्सी.ची आम्ही मुलं आणि खाण कंपन्यांचे अधिकारी एकत्र बसणार. विषय आहे ‘शाश्वत खाणकाम आणि खनिज संशोधन’. प्रत्येकाने आपल्या भागातला एक दगड टेबलावर मांडायचा आणि त्याच्याबद्दल बोलायचं. ज्याचं काम आवडेल, त्याला कंपनी पुढच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती देणार आणि नंतर नोकरीचंही बघणार. इथे सगळ्यांचे काका-मामा कुठे ना कुठे साहेब आहेत. माझे तुम्हीच.

मला आत्ता गावी येणं जमणार नाही. तुम्ही आपल्या टोलीमागच्या टेकडीवरचा एक बरा दगड पाठवाल का? कुठलाही चालेल. तिकडे सगळा ट्रॅपचा काळा खडकच आहे, त्यातून काय निघायचंय, पण माझ्या घरामागचा आहे असं तरी सांगता येईल.

तुमची,
गुंजन


सावळटेक टोली, ता. कारंजा (घाडगे)
२६ जानेवारी २०२४

चि. गुंजनले मोठ्याबाबाचा आशीर्वाद. जय सेवा.

तुझं पत्र बंडूजी पोस्टमननं आणलं तेव्हा मी बकऱ्याईसाठी पाला तोडाले झाडावर चढलो होतो. उतरेपर्यंत तुझ्या मोठीआईनं लिफाफा फाडला. रुखमाले वाचता येत नाई, पण फाडाले ती सगळ्यात पुढे.

शाश्वत म्हणजे कायम टिकणारं, असं मले शाळेत शिकवलं होतं. मी गिट्टी खदानीत उभी जिंदगी काढली. तिथं कायम टिकते तो खड्डा. साहेब लोकाईनं आणखी काही शोधलं असन, तर चांगलंच आहे.

दगड पाठवला आहे. टेकडीवर गेलतो, वरच्या अंगाले हा भेटला. दिसते वरवंट्याएवढा, पण उचलाले दोन हात लागते. मले वाटलं, दहा लोकाईत उठून दिसन. बबनरावच्या ढाब्यावर पुण्याचे ट्रक थांबतात, तिथल्या एका डायवरजवळ दिला. त्याले सांगतलं, का बाबा, पायाखाली ठेवू नोको.

तू पण जपून ठेवजो. मेळाव्याच्या दिवशी टेबलावर ठेवाच्या आधी त्याच्या पाया पडजो. हसू नोको. मोठ्यानं सांगतलेलं कधी ऐकावं. आणि काम झालं का परत पाठवजो.

तुझा मोठाबाबा,
टिकाराम धुर्वे


पुणे
८ फेब्रुवारी २०२४

ती. मोठेबाबा,

तुम्ही काय पाठवलंत, तुम्हाला कल्पना नाही.

पोतं उघडलं तेव्हा मला वाटलं ड्रायव्हरने अदलाबदल केली. हा ट्रॅप नाहीच. मँगनीज आहे, आत गार्नेटचे बारीक तांबूस दाणे. असा दगड बालाघाट-भंडाऱ्याकडे मिळतो आणि त्याला शास्त्रात नाव आहे गोंडाइट. आपल्या लोकांवरून ठेवलेलं. वर्गात ते नाव आलं की सगळे माझ्याकडे वळून बघायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता बघू दे.

आमच्या लीना मॅडम, माझ्या मार्गदर्शक, तासभर दगड हातात घेऊन बसल्या. आपल्या टेकडीत खालचा फार जुना खडक ट्रॅपमधून वर डोकावत असेल, तर ते आजवर कोणाला माहीत नाही. त्यांनी तीन-तीनदा विचारलं, ‘गुंजन, तू स्वतः उचललास का? जागेवरच्या खडकातला होता की मोकळा पडलेला?’ मी म्हणाले, स्वतः उचलला, जागेवरचा. तुम्ही उचलला म्हणजे मीच उचलला की नाही?

एका बाजूला खाचांमध्ये पिवळं काहीतरी बसलं होतं. मी लोहाचा गंज समजले, पण ब्रशने घासल्यावर पाण्यात विरघळून गेलं. कसलं होतं कोण जाणे.

तुमच्यासाठी पाया पडले. मग करवतीवर चढवला. अर्धा जपून ठेवलाय, उरलेल्यातल्या एका चकतीचा केसाहून पातळ काप करून काचेवर चिकटवला आणि बाकी सगळा कुटून तपासणीला दिला. सूक्ष्मदर्शकाखाली इतका सुंदर दिसतो म्हणून सांगू.

नेमका कुठे सापडला, ते खाणाखुणांसह कळवा. लवकर.

गुंजन


सावळटेक टोली
१७ फेब्रुवारी २०२४

चि. गुंजन,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

कापला काऊन? तू लिहिलं होतं, टेबलावर मांडाचा आहे. मले वाटलं, तुम्ही लोक भिंग लावून पाह्यता आणि परत ठेवून देता. कुटला पण म्हणते. आता जे झालं ते झालं. बाकीच्या अर्ध्याले हात लावू नोको. तो मले परत पाहिजे.

जागा वरच्या अंगाले आहे, देवाच्या पेनठाण्याच्या बाजूनं. मोकळाच पडला होता. तिथं दुसरा तसा नाई, मी पाह्यलं. तुझ्या मॅडमले तेवढं सांगून देजो.

मोठीआईची तब्येत बरी आहे. मी सध्या जास्त लिहू शकत नाई.

मोठाबाबा


पुणे
३ मार्च २०२४

ती. मोठेबाबा आणि मोठीआई,

झालं. मलाच मिळाली.

सभागृहात हिरवा फलक, कुंडीतली झाडं, प्रत्येक खुर्चीवर कापडी पिशवी. कोणी खाणीच्या पाण्यावर बोललं, कोणी मातीच्या ढिगांवर झाडं लावण्यावर. मी शेवटून दुसरी होते. दोन्ही हात दगडावरच ठेवले. पडद्यावर आपली टेकडी दाखवली, टोली दाखवली, आणि म्हणाले की गावाला सोबत घेऊन खाण कशी करायची, हे दाखवायची संधी इथे आहे.

एका मोठ्या कंपनीचे कृष्णकांत सर शोधविभाग बघतात. ते उठून टेबलाजवळ आले. ‘मुली, हा तू शोधलास?’ म्हणाले. तुमच्या पत्रातलं ‘मोकळाच पडला होता’ माझ्या ओठांवर आलं होतं. पण मॅडम बाजूला उभ्या होत्या, मी आधीच ‘जागेवरचा’ सांगून बसले होते. मी हो म्हणाले.

शिष्यवृत्ती जुलैपासून सुरू. आणि एक सांगायचं राहिलं. तो अर्धा दगड त्यांनी कार्यालयातल्या काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी मागितला. खाली पाटी लागणार: गुंजन धुर्वे, सावळटेक, जिल्हा वर्धा. नाही कसं म्हणणार? तुम्हाला टेकडीवर दुसरा मिळेलच.

बाबा असते तर, असं आज दिवसभर वाटलं. ते खदानीत गेले, तुमचे कान खदानीत गेले, आणि मी त्याच दगडावर उभी राहून टाळ्या घेतल्या. एवढं तरी आपण वसूल केलं.

तुमची गुंजन


सावळटेक टोली
२० मे २०२४

चि. गुंजन,

तुझ्या पत्राले उत्तर देऊ का नाई, असं करता करता दोन महिने गेले.

काल कंपनीची जीप आली. तिघं जण होते, सोबत सरपंच महादेवराव. टेकडी ई-क्लासची सरकारी जमीन आहे, ग्रामपंचायतीनं ना-हरकत दिली का काम सुरू. ग्रामसभा घेतली, तिथं दोन-तीन जण आडवे झाले. महादेवरावनं उभं राहून सांगतलं, का आपल्याच टोलीच्या पोरीनं शोधलं, ती काय आपलं वाईट करन? त्याईनं माह्याकडे हात केला. मले ऐकू नाई आलं, पण सगळे माह्याकडे पाहून टाळ्या वाजवून राह्यले होते. मी मान हलवली. मग ठराव झाला. काय झालं ते मले घरी आल्यावर शेजारच्या नागोबाच्या नातवानं पाटीवर लिहून दाखवलं.

तू त्या साहेबाले सांग, का तिथं काही नाई. माह्यं ऐक. तिथं एकच होता.

मोठाबाबा


पुणे
९ जून २०२४

ती. मोठेबाबा,

तुमची काळजी समजते. टेकडीवर पेनठाणा आहे, तुम्हा पुरुषांची जागा, आम्हा बायकांना तिथे पाऊल टाकता येत नाही, म्हणून मी कधी बघितलेलीही नाही. पण मी ते विसरलेली नाही. कृष्णकांत सरांना स्पष्ट सांगितलंय आणि त्यांनी नकाशावर ठाण्याभोवती लाल गोल काढलाय. त्याच्या आत कोणी जाणार नाही.

मोठेबाबा, रागावू नका, पण ‘तिथं काही नाई’ हे डोळ्यांनी बघून कळत नसतं. जमिनीखाली काय आहे, ते भोकं पाडल्याशिवाय समजत नाही. तुमच्या काळच्या खदानी आणि आताचं काम यात फरक आहे. आता आधी अभ्यास होतो, लोकांना विचारतात, काम झालं की खड्डा बुजवून झाडं लावतात. या सगळ्यावर तर आमचा मेळावा होता. भीतीपोटी पोरीच्या वाटेत काटे नका टाकू.

दिवाळीला येते. मोठीआईला सांगा, अंबाडीची भाजी वाळवून ठेव.

गुंजन


सावळटेक टोली
११ नोव्हेंबर २०२४

चि. गुंजन,

दिवाळीले तू आली नाई. कंपनीनं तुले कामाले लावलं, असं ऐकलं. बरं झालं म्हणावं का वाईट, मले समजत नाई.

जेसीबीनं टेकडीवर रस्ता काढला. भोकं पाडाची मशीन वर गेली आहे. लाल गोल नकाशावर असन, टेकडीवर तो कोणाले दिसत नाई. मशीनवाल्याईनं डबे ठाण्याच्या दगडाईवर ठेवून जेवण केलं. मी हात जोडले, तर त्याईनं मले भाकर देऊ केली. बिचाऱ्याईले वाटलं, म्हातारा भुकेला आहे.

आता लिहितोच. आपल्या टोलीची एक रीत आहे, बाकीच्या गोंडाईत असन नसन. माणूस जिथं मेला, तिथला दगड आणाचा आणि ठाण्यात आपल्या वाडवडिलाईच्या दगडात मिळवाचा. घरी मेला तर अंगणातला, वावरात मेला तर वावरातला. हळद लावून ठेवतात. मग तो माणूस परत घरी आला, असं समजाचं. पोरीईले ठाण्यावर नेत नाई, म्हणून तुले हे कोणी सांगतलं नाई.

तुझा बाप नागेश माह्याबरोबर गिट्टी खदानीत नव्हता. तो बालाघाटकडे गेलता, मँगनीजच्या खाणीत. तिथं वरचा थर बसला. मी आणाले गेलो तेव्हा त्याले तिकडेच माती दिली होती. मी तिथला दगड घेऊन आलो. रेल्वेत, मांडीवर. तू दोन वर्षाची होती. तुझी माय पुढे दुसऱ्या घरी गेली, तिचा काही दोष नाई.

तोच दगड मी तुले पाठवला.

तुझं पत्र आलं, का सगळ्याईचे काका-मामा साहेब आहेत. मले वाटलं, आपल्या पोरीमागे कोण आहे? बाप आहे. जाऊ दे त्याले पोरीसोबत परीक्षेले. दगड पण भारी होता, खाणीतला होता, साहेब लोकाईले आवडन. पाहून परत येईन, मी पुन्हा त्याच्या जागेवर ठेवून देईन, ठाण्याले समजणार पण नाई. ठाण्याची पूजा करणाऱ्या भुमकाले विचारलं नाई. हळद धुवून काढली, पण खाचात राह्यली. तुले पिवळं दिसलं ते.

कापला म्हणून तू लिहिलं तेव्हा सांगाले पाहिजे होतं. तू खुश होती. मग टाळ्या पडल्या. मग जीप आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

टेकडीत काही नाई, बाई. तो एकटाच होता, आणि तो मी आणला होता.

मोठाबाबा


पुणे
२ डिसेंबर २०२४

मोठेबाबा,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मी करवतीच्या खोलीत गेलेली नाही.

मी त्यांना कापलं. पाणी सोडत, पट्टी लावून, नीट मोजून कापलं. कुटताना खलातून थोडी भुकटी सांडली, ती ओल्या फडक्याने पुसून टाकली. तुमचा राग येतो आणि लगेच स्वतःचा येतो. तुम्ही माझ्यासाठी बाप पाठवलात आणि मी त्याला नमुना क्रमांक दिला.

पण रडत बसून मशीन थांबणार नव्हती. दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दगड बाहेरचा आहे, मी उचललेला नाही, जागेवरचा नाही, मी खोटं बोलले. मॅडम ओरडल्या नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, ‘तीनदा विचारलं होतं गं.’ तेवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग कंपनीला पत्र दिलं. शिष्यवृत्ती बंद झाली. एम.एस्सी. पूर्ण करू देतील, पुढचं नाही. विभागात आता मी गेले की बोलणं थांबतं. ते माझं मी सोसेन. काम थांबायला हवं, एवढंच मला पाहिजे. कृष्णकांत सरांनी पत्र वाचून मान हलवली. ‘तू सांगितलंस हे चांगलं केलंस,’ म्हणाले.

बाबांचा अर्धा भाग त्यांच्याकडे आहे. तो मी आणतेच.

गुंजन


सावळटेक टोली
२८ डिसेंबर २०२४

चि. गुंजन,

मशीन उतरली. आठ दिवस झाले, वर कोणी नाई. टेकडीवर मोर पण दिसला.

टोलीत सगळ्याईले मी सांगून दिलं. भुमकानं मले सगळ्यासमोर बसवलं, काय बोलला ते ऐकू आलं नाई, पण तोंडावरून समजलं. मग कोंबडं दिलं आणि जागा मोकळी ठेवली. नागेशचा अर्धा आला का तो ठेवू. अर्धा चालते, असं त्यानं जमिनीवर काडीनं लिहून दाखवलं.

तू खरं बोलली, बरं केलं. तुझं नुकसान झालं, ते माह्या माथी. पण टेकडी वाचली, बाई. रुखमानं अंबाडी जपून ठेवली आहे. दगड घेऊन येजो.

मोठाबाबा


पुणे
१९ मार्च २०२५

ती. मोठेबाबा,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. तुम्हाला आता सरपंचांकडून कळलं असेल, तरी माझ्याकडून कळायला हवं.

मशीन माझ्या पत्रामुळे उतरली नव्हती. भोकं पाडून झाली होती, म्हणून उतरली. मँगनीज नाही, हे त्यांना माझ्या आधीच कळलं होतं. पण वरपासून खालपर्यंत अखंड, न कुजलेला काळा ट्रॅप लागला. हायवेच्या इतका जवळ. कंपनीशी जोडलेल्या एका ठेकेदाराने गिट्टी खदान आणि क्रशरसाठी अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. रस्ता तयारच होता. तुमची ना-हरकतही.

मी कृष्णकांत सरांना भेटले. म्हणाले, ‘मँगनीज नसेल, पण तुझ्यामुळे गावाला काम मिळालं. याकडे तसं बघ.’ उपरोधाने नाही म्हणाले, मनापासून म्हणाले.

मग मी दगड मागितला. काचेचं कपाट त्यांच्या दालनाबाहेरच आहे. आत दिवा लावलाय. पाटीवरचं माझं नाव काढलंय. आता लिहिलंय: ‘मँगनीज नमुना, मध्य भारत’. मी सांगितलं, हे माझे वडील आहेत. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. नमुना देताना मी कागदावर सही केली होती, तो आता कंपनीच्या मालकीचा आहे, असं त्या माणसाने मला जिन्यापर्यंत सोडताना समजावलं. मी काच फोडायला हवी होती. फोडली नाही, आणि जिना उतरून खाली आले.

सोबत कापसात गुंडाळून काच पाठवते आहे. हीच काय ती माझ्याकडे राहिली. त्यावरचा काप बाबांचा आहे. साधी बघितली तर काळा डाग दिसेल. उन्हासमोर धरा, बारीक तांबूस दाणे चमकतात.

मी गावी येत नाही. कोणत्या तोंडाने येऊ? इथे एका क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालंय. मोठीआईला सांगा, अंबाडी खाऊन टाक.

गुंजन


सावळटेक टोली
४ मे २०२५

चि. गुंजन,

काच पोचली, फुटली नाई. बंडूजीनं हातातच दिली.

सुरुंग लावाच्या आधी ठाणा खाली आणाले आम्हाले मुदत दिली. टोलीतल्या सगळ्या घरचे पुरुष वर गेले. आपापल्या माणसाचे दगड ज्याचे त्यानं उचलले. कोणी डोक्यावर, कोणी टोपल्यात, सलामेच्या म्हाताऱ्यानं तर लुगड्यात बांधून बायको पाठीवर घेतली. मी आपल्या बापाचा आणि आजाचा दगड घेतला. नागेशच्या जागेवर नुसता खळगा होता. रिकाम्या जागेवरून काय उचलाचं? म्हणून मी सकाळीच काच खिशात घालून वर नेली होती. आधी खळग्यात ठेवली. थोडा वेळ बसलो. मग सगळ्याईसोबत उचलली आणि खाली आणली. तो पण चालत आला, असं समजलो.

भुमकानं काच पाह्यली. उन्हात धरली. मग हळदीचं बोट लावलं, काठाले, दाणे झाकणार नाई असं.

आता सगळे दगड टोलीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेले मांडले आहेत. बायका येता-जाता थांबतात. रस्ता आहे, कोण कोणाले अडवन? रुखमानं दिराचा दगड पहिल्यांदा पाह्यला, तो असा. ती काच छातीशी धरून लय रडली. रडण्याचा आवाज आला नाई मले, खांदे हलताना दिसले.

परवा पहिला सुरुंग झाला. सगळे कानावर हात ठेवून पळाले. मी खाटेवर बसून होतो. माह्या हातातल्या पेल्यातलं पाणी हललं, मग पायाखालून काहीतरी गेलं. माह्या कानाले जे कळलं नाई, ते पायाले कळलं. इतक्या वर्षानं तोच खदानीचा धक्का, आणि या वेळी घरामागून.

तू लिहिलं, कोणत्या तोंडानं येऊ. टोलीतल्या पोराईले क्रशरवर काम लागलं, त्याईच्या घरचे तुले नाव ठेवत नाई. बाकीचे ठेवतात, मले ऐकू येत नाई. तूही त्याईच्याकडे पाहू नोको. मी आता जास्त दिवसाचा नाई, छातीत धूळ भरते. माह्या वेळी अंगणातला दगड लागन, तो कोणता ते तुले दाखवून ठेवाचं आहे. तू मुलगी आहे म्हणून काय झालं, ठाणा आता रस्त्यावर आहे.

एक काम मात्र मले एकट्याले जमून नाई राह्यलं. क्रशरची धूळ दिवसभर बसते. बाकीच्याईचे दगड पांढरे झाले तरी दगडच दिसतात. तुझ्या बापाची काच सकाळ-संध्याकाळ पुसा लागते, नाई तर तो दिसत नाई. म्हणून येजो.

तुझा मोठाबाबा,
टिकाराम